प्रिंटर घेताना आधी हेडची किंमत विचारा

फोटो छापणाऱ्या प्रिंटरच्या खोक्यावर बरंच काही लिहिलेलं असतं. सहा रंग, वायफाय, कडेला पांढरी पट्टी न सोडता छपाई, रिझोल्यूशन 5760 बाय 1440, मिनिटाला इतकी पानं. एमआरपी तर कायद्यानेच छापावी लागते. पण दोन-तीन वर्षांनी जो प्रश्न हमखास उभा राहतो, त्याचं उत्तर त्या खोक्यावर शोधून सापडत नाही. हेड गेलं तर नवं कितीला पडेल, वाया जाणारी शाई शोषणारं पॅड भरलं तर ते कोण बदलून देणार, आणि हे भाग आणखी किती वर्षं मिळत राहणार? प्रिंटर बंद पडला की ‘दुरुस्त करायचा की नवाच घ्यायचा’ यावर दुकानात किंवा घरात खल सुरू होतो. खरं तर तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. यंत्राची रचना आणि सुट्या भागांचे दर ज्यांनी ठरवले त्यांनी तो घेतलेला असतो, आणि खरेदीच्या दिवशी आपण तो न विचारता मान्य केलेला असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की फोटो प्रिंटर निवडताना दुरुस्तीचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडायला हवा, आणि तो मांडता यावा यासाठी मुख्य सुट्या भागांच्या किमती जाहीर करण्याची सक्ती कंपन्यांवर व्हायला हवी.

घरगुती ग्राहकाचा प्रश्न चटकन निकालात निघतो. वर्षाकाठी वीस-पंचवीस फोटो कागदावर हवे असणाऱ्याने फोटो प्रिंटर घेऊच नये. वर्षाला वीस म्हणजे दहा वर्षांत दोनशे फोटो. स्टुडिओत 4 बाय 6 चा फोटो साधारण पंधरा रुपयांना पडतो असं धरलं, तर दहा वर्षांचा खर्च तीन हजार. एवढ्यात फोटोसाठीचा धड प्रिंटर येत नाही, आला तरी न वापरल्यामुळे त्यातली शाई वाळते आणि ती मोकळी करण्यातच आणखी शाई खर्च होते. आपल्याकडे फोटो प्रिंटरचा खरा धनी वेगळा आहे. तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओ, कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान, लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात टेबल टाकून पाहुण्यांना तिथल्या तिथे फोटो देणारा. जूनमधले शाळा-कॉलेजचे प्रवेश, भरतीचे अर्ज, पासपोर्ट साइजची आठ फोटोंची पट्टी हे यांचं रोजचं काम. या माणसासाठी प्रिंटर म्हणजे गल्ल्याचा आधार असतो आणि तो बंद पडला की समोरचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. पुढचा सगळा हिशेब मुख्यतः त्याचा आहे.

प्रिंटरची दुरुस्ती महाग का पडते हे कळायला त्याचं हेड कसं चालतं ते पाहावं लागतं. शाई उडवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत शाई क्षणभर तापवतात, तिचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. 1977 मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली, त्या निरीक्षणातून ही पद्धत कॅननकडे आली. एचपीही याच वाटेने गेली. दुसरी पद्धत एप्सनची. वीज दिली की किंचित वाकणारा स्फटिक शाईला दाबून बाहेर काढतो, तिथे उष्णतेचं काम नाही. पहिल्या पद्धतीत हेड सतत तापतं, म्हणून झिजतं. त्यामुळे ते बदलता येईल अशीच रचना बहुधा असते, कधी ते कार्ट्रिजलाच जोडलेलं, कधी झाकण उघडून हाताने काढता येणारं. दुसऱ्या पद्धतीतलं हेड टिकाऊ, पण घडवायला महाग. ते यंत्राच्या आयुष्यभर चालेल असं गृहीत धरून आत पक्कं बसवलेलं असतं. फोटोच्या कामात सहा रंगांचे इंक टँक प्रिंटर आपल्याकडे जास्त चालतात ते या दुसऱ्या जातीचे. त्यांचा फोटो देखणा येतो, शाई स्वस्त पडते, आणि हेड गेलं की यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा एका झटक्यात जातो. गुण आणि दोष दोन्ही एकाच रचनेतून आले आहेत, पण विकताना दुकानदार फक्त गुण सांगतो.

हेड ‘गेलं’ म्हणजे नेमकं काय होतं, ते नोझल चेकचा कागद काढला की दिसतं. त्यावर प्रत्येक रंगाच्या आखूड रेघांची पायऱ्यापायऱ्यांची जाळी उमटते, एका रेघेला एक छिद्र. ही छिद्रं केसाहून बारीक आणि त्यांतून निघणारा सर्वांत लहान थेंब दीड पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. जाळीत कुठे दोन रेघा तुटल्या तर फोटोतल्या आकाशात बारीक आडवे पट्टे येतात, फिकट गुलाबी रंगाची छिद्रं बुजली तर गोऱ्या चेहऱ्यावर हिरवट झाक चढते. मग हेड क्लीनिंग. एकदा केलं की काही रेघा परत येतात, दुसऱ्यांदा आणखी, तिसऱ्यांदा आधी शाबूत असलेली एखादी नाहीशी होते. मराठवाडा-विदर्भातल्या उन्हाळ्यात दुकान आठ दिवस बंद राहिलं की सोमवारी सकाळी हाच कार्यक्रम. प्रत्येक क्लीनिंगमध्ये टाकीतली शाई उतरते, पण ती कागदावर जात नाही. ती जाते तळाशी असलेल्या पॅडमध्ये, आणि तिथे दुसरी गोष्ट सुरू होते.

हे पॅड म्हणजे जाड नमद्यासारख्या शोषक पट्ट्या, प्रिंटरच्या पोटात एकावर एक ठासलेल्या. क्लीनिंगची शाई आणि बिनकडेच्या फोटोत कागदाबाहेर उडालेली शाई त्या पितात. किती प्यायली हे कोणी मोजत नाही. किती प्यायली असेल याचा अंदाज प्रिंटरच्या आतला एक काउंटर बांधत असतो. आकडा मर्यादेला पोचला की सगळे दिवे लुकलुकतात आणि यंत्र काम थांबवतं. हेड ठणठणीत, टाक्या भरलेल्या, रोलर नीट कागद ओढतोय, तरी छपाई बंद. दुकानदारांच्या भाषेत ‘पॅड फुल’. उपाय म्हटलं तर साधा: मागचे स्क्रू काढायचे, काळ्या पडलेल्या पट्ट्या काढून नव्या बसवायच्या, काउंटर शून्यावर आणायचा. पहिल्या दोन कामांना स्क्रूड्रायव्हर आणि जुनं वर्तमानपत्र पुरतं. तिसऱ्यासाठी मात्र सॉफ्टवेअर लागतं आणि ते कंपनी सहसा ग्राहकाच्या हाती देत नाही. म्हणून इंटरनेटवर रिसेटर विकणाऱ्यांचा एक समांतर धंदा उभा राहिला आहे. त्यात खरे किती आणि व्हायरस किती, हे ज्याचं त्याला कळतं.

शाई उडवण्याच्या दोन पद्धतींखेरीज तिसरा पर्याय डाय सब्लिमेशनचा. यात शाईची टाकी नसते, पिवळा, गुलाबी, निळा आणि वरून संरक्षक थर अशा पट्ट्यांची रिबीन असते. तापणारं हेड तो रंग कागदावर उतरवतं. वाळायला काहीच नाही, त्यामुळे महिनाभर बंद ठेवलं तरी पहिला फोटो शेवटच्यासारखाच. रिबीन आणि कागद जोडीने मिळतात, एका पाकिटात 108 फोटो म्हणजे 108 च. फोटो जवळजवळ पांढरा असो की संपूर्ण काळा, पट्टी तेवढीच जाते. प्रत्येक फोटोचा खर्च इंक टँकच्या कितीतरी वर, पण तो आधी माहीत असतो. लग्नाच्या मांडवात काम करणाऱ्यासाठी आणि क्वचित छापणाऱ्यासाठी हा निश्चितपणाच मोलाचा. (एक सावधगिरी: वापरलेल्या रिबिनीवर प्रत्येक फोटोचा ठसा उलट्या रंगांत राहतो. ओळखपत्रांचे फोटो काढणाऱ्यांनी ती तशीच कचऱ्यात टाकू नये, कापून टाकावी.)

आता हिशेब. बाजारात एक ठोकताळा सगळे सांगतात: दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्त करा, वर गेला तर नवं घ्या. फोटो प्रिंटरला हा ठोकताळा लागू पडत नाही, कारण त्यात पुढे किती फोटो निघणार आहेत याचा विचारच नाही. समजा नवा सहा रंगांचा प्रिंटर 22,000 रुपयांना मिळतो. त्याच्या खोक्यात शाईच्या बाटल्यांचा पूर्ण संच येतो, त्याची किंमत 3,500 धरू. म्हणजे यंत्र पडलं 18,500 ला. त्यातून 25,000 फोटो निघाले तर एका फोटोवर यंत्राचा बोजा 74 पैसे. जुन्या यंत्राचं हेड बदलायला मजुरीसह 11,000 लागतात असं समजा. बाकीचे भाग जुनेच राहणार, म्हणून आणखी 10,000 फोटोंची आशा धरली तर बोजा 1 रुपया 10 पैसे. निम्म्याच्या ठोकताळ्याने हे काम काठावर पास होतं, प्रत्यक्षात ते तोट्याचं आहे. हेड बदलल्यावर पंधरा हजारांच्या वर फोटो निघणार असतील तरच ते परवडतं. याउलट पॅड आणि रिसेटचे 1,500 घ्या. पुढे 10,000 फोटो निघाले तर बोजा 15 पैसे. अगदी 3,000 फोटोंनंतर यंत्राने मान टाकली तरी 50 पैसे, नव्यापेक्षा कमीच. हे आकडे केवळ गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने स्वतःचे घालावेत. पण भागाकार असाच करायचा. जुना प्रिंटर मुळात कितीला घेतला होता हा आकडा यात कुठेही येत नाही. तो पैसा गेलेला आहे. ‘वीस हजार घातलेत, असा कसा टाकू’ हा विचार हेड बदलण्याच्या निर्णयात दुकानदाराला हमखास चुकीच्या बाजूला ओढतो.

स्वस्त कार्ट्रिज प्रिंटरच्या बाबतीत तर ठोकताळा उलटाच फिरतो. 4,500 चं यंत्र, दुरुस्ती 1,500 ची. एक तृतीयांश, म्हणजे दुरुस्त करा. पण कार्ट्रिजमुळे एका फोटोला 12 रुपयांची शाई लागत असेल आणि टाकीच्या प्रिंटरमध्ये 2 रुपयांची, तर महिन्याला शंभर फोटो छापणारा दरमहा हजार रुपये जास्त भरतो आहे. ते यंत्र दुरुस्त करणं म्हणजे तो हप्ता चालू ठेवणं. अशा ठिकाणी दुरुस्तीचं कौतुक करण्यात अर्थ नाही. दुरुस्ती ही नेहमीच काटकसर असते हा आपल्याकडचा जुना समज आहे आणि तो चांगल्या हेतूचा आहे, पण यंत्र जर मुळात शाई विकण्यासाठी तोट्यात दिलेलं असेल, तर काटकसर त्याला लवकर निरोप देण्यात असते. दुसरीकडे नवं घेताना एक खर्च विसरला जातो. कंपन्या नव्या मॉडेलला नव्या बाटल्या देतात. एप्सनच्या ज्या एल805 ने आपल्याकडची असंख्य दुकानं चालवली त्याच्या बाटल्या 673 क्रमांकाच्या, त्याच्या जागी आलेल्या एल8050 च्या 057 क्रमांकाच्या. कपाटात साठवलेल्या जुन्या बाटल्या नव्या यंत्राच्या कामाच्या नाहीत. शिवाय जुना कागद नव्या शाईशी जुळवून रंग पुन्हा बसवावे लागतात, त्यात जाणारे कागद आणि दिवस वेगळे.

इथे कोणी म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला, बाजारात मिळणारी स्वस्त लोकल शाई भरा, पैसे वाचतील, आणि यंत्र गेलं तर गेलं. साध्या झेरॉक्ससारख्या कामाला हे चालेलही. फोटोला चालत नाही, आणि त्याचं कारण कंपनीची भीती घालणारी पत्रकं नव्हेत. फोटो टिकणं हे शाई आणि कागद यांच्या जोडीवर ठरतं. 2000 च्या सुमारास एप्सनच्याच स्टायलस फोटो 870 आणि 1270 या प्रिंटरांवर काढलेले फोटो काही ठिकाणी थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले. दोष उन्हाचा नव्हता. हवेतल्या ओझोनने सच्छिद्र कागदावरचा निळा रंग खाल्ला होता. कंपनीची शाई आणि कंपनीचाच कागद असूनही हे झालं. मग कुठल्या कारखान्यात काय मिसळून केली हे ठाऊक नसलेल्या शाईचा भरवसा काय द्यायचा? काउंटरवर फोटो सुरेखच दिसतो. बिघाड गिऱ्हाइकाच्या भिंतीवर होतो, तेव्हा दुकानदाराला कळतही नाही. बाटलीतल्या शाईचे दर आता इतके उतरले आहेत की एका फोटोमागे वाचणारे रुपया-दीड रुपया या जोखमीला पुरेसे नाहीत.

शाईचे दर उतरले कसे, ही गोष्ट मात्र कंपन्यांच्या बाजूने फारशी सांगितली जात नाही. कार्ट्रिज महाग म्हणून आशियातल्या बाजारांत मेकॅनिकांनी प्रिंटरच्या कडेला बाटल्या लावून नळ्यांनी शाई आत नेण्याची सोय केली. झाकणाला खाच पाडून नळ्या आत घेतलेले असे प्रिंटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत दिसत. वॉरंटी अर्थात रद्द. पण गिऱ्हाईक तिकडेच वळलं आणि 2010 मध्ये एप्सनने इंडोनेशियात स्वतःच टाकीचा प्रिंटर बाजारात आणला. पाठोपाठ तो भारतात आला, मग कॅनन आणि एचपीही त्याच मार्गाला लागल्या. यंत्राची किंमत वाढली आणि शाईची घटली. ग्राहकाने पहिल्या दिवशी जास्त पैसे दिले, कारण पुढचा खर्च त्याला दिसत होता. ‘भारतीय ग्राहक फक्त खोक्यावरची किंमत बघतो, सुट्या भागांचे दर छापून काही उपयोग नाही’ असा जो आक्षेप घेतला जातो, त्याला हे उत्तर आहे. शाईचा दर दिसला तेव्हा त्याने बरोबर हिशेब केला. हेडचा दर त्याला दाखवलाच गेलेला नाही.

कंपन्यांचा दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो पोकळ नाही. पॅड भरून वाहिलं तर शाई टेबलावर, कधी आतल्या वीजजोडणीवर येऊ शकते. 2022 मध्ये अमेरिकेत एप्सनचे चालू प्रिंटर पॅडच्या काउंटरमुळे बंद पडतात यावरून बरीच ओरड झाली, तेव्हा कंपनीने हाच मुद्दा मांडला होता. मान्य. मग ग्राहकाने पॅड बदलायचं नसेल तर ते बदलण्याजोगं का करत नाही? उत्तर त्यांच्याच कारखान्यात आहे. वरच्या दराच्या अनेक मॉडेलांत आता मेंटेनन्स बॉक्स असतो. भरला की ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा, एका मिनिटाचं काम. म्हणजे तंत्र आहे, सुरक्षितही आहे. ते कुठल्या मॉडेलला द्यायचं हा किमतीचा प्रश्न आहे. अमेरिकेत घरगुती ग्राहकांना एकदाच वापरता येईल असं काउंटर रिसेटचं सॉफ्टवेअर एप्सनने मोफत देऊ केलं. तिथे जे धोक्याचं नाही ते सोलापुरात धोक्याचं कसं, हे विचारायला हवं. तोवर खरेदी करणाऱ्याने एवढं पाहावं: दोन मॉडेलांत दोन-तीन हजारांचा फरक असेल आणि महागात मेंटेनन्स बॉक्स असेल, तर रोज छापणाऱ्याने महाग घ्यावा.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. भागांच्या किमती जाहीर करायला लावल्या, वर्षानुवर्षं भाग साठवायला लावले, तर प्रिंटर महागेल आणि पहिलं दुकान टाकणाऱ्या पोराला तो परवडणार नाही. यातलं साठवणुकीबद्दलचं म्हणणं विचार करण्याजोगं आहे. किती वर्षं भाग द्यायचे यावर वाद होऊ शकतो, आणि दहा वर्षांची अट मलाही अवास्तव वाटते. पण किंमत छापायला काय खर्च येतो? तीन ओळींची शाई. लीगल मेट्रॉलॉजीच्या 2011 च्या नियमांनी खोक्यावर एमआरपी, आयातीचा महिना आणि तक्रारीसाठीचा पत्ता छापायला लावला, त्यामुळे कोणतीही वस्तू बाजारातून गेली नाही. वीजबचतीच्या ताऱ्यांचंही तेच. 2006 मध्ये ते ऐच्छिक म्हणून सुरू झाले, 2010 पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर सक्तीचे झाले. तेव्हाही महागाईची भीती घातली गेली होती. आज फ्रिज घ्यायला गेलेलं कुटुंब आधी तारे मोजतं, म्हणजे पुढच्या दहा वर्षांचं वीजबिल दुकानातच वाचतं. प्रिंटरच्या खोक्यावर हेडची किंमत, पॅड बदलण्याचा दर आणि भाग मिळण्याची मुदत एवढंच हवं आहे. जी कंपनी हेड स्वस्त देईल तिला ती जाहिरातच होईल.

कायद्याची वाट आपल्याला अनोळखी नाही. ऑगस्ट 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना एकूण 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू देत नव्हत्या, हा ठपका होता. दंडावर पुढे अपिलं झाली, पण मोटारीचा सुटा भाग हा स्वतंत्र बाजार असतो आणि तिथे ग्राहकाला कोंडून ठेवता येत नाही, हे तत्त्व मांडलं गेलं. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्या वर्षीच्या ग्राहक दिनी, 24 डिसेंबरला, पोर्टलही सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. पुढे दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचं काम सुरू झालं, त्याचा रोख मुख्यतः मोबाइल-टॅबलेटवर आहे. युरोपची तऱ्हाही फार वेगळी नाही. 2024 च्या तिथल्या दुरुस्ती निर्देशात वॉशिंग मशीन आहे, व्हॅक्युम क्लीनर आहे, प्रिंटर नाही. प्रिंटरच्या बाबतीत परदेशात झाले ते वाद जास्त करून कार्ट्रिजचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात सांगितलं, की कार्ट्रिज एकदा विकल्यावर तिच्या पुनर्भरणावर पेटंटच्या बळावर बंदी घालता येत नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2020 मध्ये एचपीला, इतरांची कार्ट्रिज प्रिंटर नाकारतो हे ग्राहकांना नीट न सांगितल्याबद्दल, एक कोटी युरोंचा दंड केला. या दोन्ही निर्णयांत प्रश्न कार्ट्रिजचा होता, हेड आणि पॅड मात्र कोणाच्या नजरेत आलं नाही.

‘आपल्याकडे कायदा कशाला हवा, लॅमिंग्टन रोडचा कारागीर काहीही दुरुस्त करतो’ हा शेवटचा आक्षेप प्रेमाचा आहे. तो कारागीर खरोखर करतो. पण त्याच्या हाती येणारं हेड बऱ्याचदा दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढलेलं असतं, त्याने किती हजार फोटो छापले हे त्यालाही माहीत नसतं, आणि गॅरंटी ‘दुकानात चालवून दाखवतो’ एवढीच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नवं हेड मिळतं, पण दर तिथे यंत्र नेऊन, तपासणीचे पैसे भरल्यावर समजतो. एका टोकाला किंमत कमी आणि माहिती शून्य, दुसऱ्या टोकाला माहिती असली तरी उशिरा. भागाचा अधिकृत दर उघड झाला तर त्या कारागिराचंच भलं होईल, कारण त्याला अस्सल भाग विकत घेऊन स्वतःच्या मजुरीने बसवता येईल. आज वॉरंटी संपेपर्यंत, म्हणजे एक वर्ष किंवा ठरावीक प्रिंट यांतलं जे आधी येईल तोवरच, ग्राहकाला आधार असतो, आणि रोज शंभर-दोनशे फोटो काढणाऱ्या दुकानाच्या बाबतीत प्रिंटची मर्यादा वर्षाच्या कितीतरी आधी येते. 2022 च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही आहेत, मेलेल्या यंत्रांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. पण दिवे लुकलुकताहेत म्हणून टाकून दिलेला, आतून धडधाकट प्रिंटर मुळात कचरा ठरायलाच नको होता.

संसदेच्या कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही. सरकारी कार्यालयं, शाळा, ग्रामपंचायती प्रिंटर घेतात ते 2016 पासून सुरू असलेल्या जीईएम पोर्टलवरून किंवा निविदा काढून. निविदेत पानांचा वेग, मेमरी, वायफाय अशा रकान्यांची रांग असते. त्याच रांगेत आणखी तीन रकाने घालता येतात: हेडची मजुरीसह किंमत, पॅड ग्राहकाला बदलता येतं की नाही, आणि भाग किती वर्षं मिळतील. महाराष्ट्र सरकारच्या एखाद्या मोठ्या खात्याने पुढच्या खरेदीत हे रकाने भरणं आवश्यक केलं, तर कंपन्यांना आकडे द्यावे लागतील आणि एकदा सरकारी कागदावर आलेले आकडे स्टुडिओवाल्यालाही वाचता येतील. तोपर्यंत दुकानात गेल्यावर विक्रेत्याने छपाईचा नमुना दाखवण्याआधी त्याला या तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. बहुतेक वेळा तो सर्व्हिस सेंटरला फोन लावेल. पलीकडून आकडा मिळाला तर तो बिलावर लिहून घ्यावा. ‘मॉडेल बघून सांगू’ असं उत्तर आलं तर शेजारच्या कंपनीचं खोकं उतरवून घ्यावं.